आतलं सारं कंपनीचं

"दस्ता ओरिजिनल हाये ना? तेवढं पहिले सांगा," होमराज म्हणाला.

शालीकरामने रायफल खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि दस्त्याच्या लाकडावरून अंगठा फिरवला. अक्रोडाचं लाकूड होतं. लोखंड जिथे लाकडात बसतं तिथे केसभर फट नव्हती. मागाहून बसवलेला दस्ता कितीही निगुतीने केला तरी या कडेला कुठे ना कुठे दगा देतो.

"दस्ता कंपनीचाच हाये. कोनी बदलला नाई."

"आन् नळी?"

"नळीवरचा नंबर आन् सांगाड्यावरचा नंबर एकच हाये. हे पाहा. पट्टा अडकवाची कडी तेवढी मागून लावली."

"तेवढ्यानं काही बिघडते का?"

"तेवढ्यानं नाई."

होमराज मोकळं हसला. नागपूरच्या एका डॉक्टरांना जुन्या शिकारी रायफली जमवायचा नाद होता. ही विलायती रायफल त्यांनी फोटोत पाहिली होती. त्यांचं म्हणणं एकच होतं, आतबाहेरचा प्रत्येक भाग कारखान्यातून निघाला तेव्हाचाच हवा. वरून जोडलेली एखादी कडी चालेल, पण एक जरी भाग बदललेला निघाला तरी नको. म्हणून होमराज तपासणीसाठी गोंदियाला, मुन्नालालच्या दुकानात आला होता. बंदुका विकण्या-दुरुस्त करण्याचा परवाना असलेलं हे जुनं दुकान. कागदपत्रांचं मुन्नालाल पाही आणि मागच्या खोलीतलं टेबल शालीकरामचं.

होमराजसोबत त्याची काकू आली होती. पांढऱ्या लुगड्यातली, साठीकडे झुकलेली बाई. ती भिंतीकडच्या बाकावर बसली होती आणि आल्यापासून रायफलीकडे एकदाही सरळ पाहत नव्हती.

"हिले कायले आनलं काय माहीत," होमराज म्हणाला. "मी येतेच म्हने. मागंच लागली."

"गाव कोनतं तुमचं?" शालीकरामने सहज विचारलं.

"नवेगाव बांधच्या पल्याड. भोजराज पाटलाचं घर इचारलं का कोनीबी सांगते. मी त्यायचा नातू."

शालीकरामच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावरच थांबला.

होमराज डॉक्टरांना फोन करायला रस्त्यापलीकडच्या बूथवर गेला. शालीकराम रायफलीकडे पाहत राहिला.

ही रायफल त्याने लहानपणी एकदा पाहिली होती. बापाच्या भात्याशेजारी, गोणपाटावर. त्याचा बाप बकाराम त्याच गावचा लोहार. पाटलाच्या माणसाने रायफल आणून टाकली आणि पोराने हात लावू नये म्हणून बकारामने ती लुगड्याच्या फडक्याने झाकून ठेवली होती. मग ती परत गेली. त्यानंतर काही दिवसांनी, ऐन उन्हाळ्यात, पाटलाचा थोरला मुलगा योगराज तळ्याच्या पाळीखाली छातीत गोळी लागून मेलेला सापडला. रायफल शेजारी पडली होती. पाहणारं कोणी नव्हतं.

गाव भट्टीसमोर गोळा झालं. लोहारानं काही तरी गावठी भाग बसवला, त्यानंच बंदूक आपोआप सुटली, असं लोक बोलू लागले. बकाराम डावखुरा होता. त्याने तो डावा हात सगळ्यांसमोर ऐरणीवर ठेवला. म्हणाला, "मी पुसली, तेल देल्लं. आतलं सारं कंपनीचंच हाये."

भोजराज पाटील काहीच बोलला नाही. त्याने रायफल कपाटात टाकली आणि जिवंत असेपर्यंत तिला कोणाचा हात लागू दिला नाही. पण बकारामच्या भट्टीकडे नांगराचा फाळ शेवटायला, त्याला नवी धार काढायला येणारे शेतकरी थांबले. पुढच्या पावसाळ्याआधी तो बायको-पोराला घेऊन गोंदियाला आला आणि राइस मिलमध्ये पोती उचलू लागला. स्टेशनजवळच्या एका लोहाराने त्याला भट्टीवर बोलावलं होतं, तो गेला नाही. घरातला विळा बोथट झाला तर तो शेजाऱ्याकडून धार लावून आणी. घण म्हणून त्याने पुन्हा हातात धरला नाही. बापाने गावावरच्या रागाने आपला धंदा सोडला, असं शालीकराम समजत आला होता.

"तुहा बाप ऐरणीवर हात ठेवून खोटा बोलनार नाई," असं त्याची आई जमुनाबाई सांगायची. मिलमध्ये पाय घसरून बकाराम गेला, तेव्हाही ती रडताना हेच म्हणत होती. त्यांचं घर त्या वाक्यावर उभं होतं.

पुढे शालीकराम मुन्नालालच्या बापाकडे कामाला लागला तोही त्यामुळेच. एक दिवस ती रायफल या टेबलावर येईल, आपण ती उघडू आणि गावाला बोलावून दाखवू, असं त्याने तरुणपणी अनेकदा मनात रंगवलं होतं. मग लग्न झालं, मुलं झाली, ते मागे पडलं. आणि आज ती समोर पडली होती.

"भाऊ, एक इचारू?"

बाकावरची बाई उठून टेबलाजवळ आली होती. बाहेर मुन्नालाल एका बँकेच्या रखवालदाराशी मोठ्याने बोलत होता.

"इचारा ना बाई."

"याच्यातला एखादा भाग कंपनीचा नसन, तं तुमाले समजन का?"

"समजन."

"आन् त्या भागापायी बंदूक आपोआप सुटू शकते का?"

शालीकरामने मान वर केली.

"योगराज पाटील माहे मालक," ती म्हणाली. "मी सुमित्रा. तुमी आईकलं असन नसन, ह्या बंदुकीनं गेले ते."

त्याने तिला ओळखलं नव्हतं. पाटलाच्या वाड्यातली नवी सून त्याने कधी पाहिलीही नव्हती. आपण कोण हे त्याच्या ओठावर आलं, पण ती बोलू लागली होती आणि तिला थांबवणं त्याच्याने झालं नाही.

"लगीन होऊन लय दिवस झाले नव्हते. माहेरी, केशोरीले, माह्या भावाचं लगीन होतं. मले लवकर जाचं होतं, ते म्हनत कायले इतक्या आंधी जातेस. त्या सकारी भांडन झालं. मी म्हनली, तुमचं तोंड पाहाची इच्छा नाई मले. ते काहीच बोलले नाई. बंदूक घेतली आन् निंगून गेले. दुपारी बाजेवर घालून आनलं."

तिने पहिल्यांदाच रायफलीकडे सरळ पाहिलं.

"लोक म्हनत, लोहारानं बिघडवली. मले वाटे, तसंच असू दे देवा. पन त्या लोहारानं ऐरनीवर हात ठेवून सांगतलं, आतलं सारं कंपनीचं हाये. मंग बंदूक तं चांगलीच होती ना? मंग राह्यलं काय? सासू मरेपर्यंत म्हने, तुह्या तोंडापायी माहा पोरगा गेला. तिचंबी काय चुकलं? मले जे वाटे तेच ती म्हने."

"पोलिसांनी..."

"पोलिसायनं अपघात लेहला. मोठ्या घरचं असलं का अपघातच लेहतात, असं सारे म्हनत." तिने पदराने तोंड पुसलं. "त्यायच्या गमछ्यात चारं बांधून होती, भाऊ. जंगलातली चारं, चारोळीची पिकली फळं. मले आवडत. मराले निंगालेला मानूस चारं तोडत बसते का? हे मी कोनाले इचारू? आता हे पोट्टं बंदूक इकून राह्यलं. एकदा गेली का गेली. म्हनून आली मी. तुमी पाहा आन् मले खरं सांगा. जे असन ते."

शालीकरामने रायफल आपल्याकडे ओढली. बापाच्या त्या शब्दाच्या पलीकडे आणखी कोणी उभं असेल, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. बाप खरा ठरला तर आपल्या घराची मान वर होईल, एवढंच त्याला दिसत होतं. बाप खरा ठरला तर या बाईचं काय होईल, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं.

"बसा तुमी," तो म्हणाला. "पाहतो."

त्याने स्क्रू काढायला घेतले. पहिल्याच स्क्रूच्या खाचेची कड किंचित फाटलेली होती. कोणीतरी नीट न बसणाऱ्या हत्याराने तो फिरवला होता. बाप पुसायला उघडली म्हणाला होता, तेव्हा एवढं चालायचंच. त्याने आतली पट्टी अलगद बाहेर घेतली. वाळून चिक्कट झालेलं जुनं तेल रॉकेलने धुतलं. गोळीवर आपटणारा घोडा निघाला, त्याच्या पोटात नंबर होता. घोड्याला ढकलणारी कमान निघाली, तिच्यावरही तोच नंबर. चापावरही तोच. प्रत्येक भागाबरोबर शालीकरामचा श्वास थोडा सैल होत होता, आणि प्रत्येक वेळी बाकाकडे नजर जाऊन पुन्हा अडकत होता.

शेवटी खटका राहिला. चढवलेल्या घोड्याला अडवून धरणारा, बोटाच्या पेराहून लहान पोलादी तुकडा. चाप ओढला की तो सरकतो आणि घोडा सुटतो. शालीकरामने तो तळहातावर घेतला, फडक्याने पुसला आणि उलटा-सुलटा करून पाहिला.

नंबर नव्हता.

त्याने भिंग लावलं. कारखान्यातल्या भागांवर घासकामाची खूणही राहत नाही. इथे कानशीच्या बारीक रेघा होत्या, आणि त्या नेहमीच्या बाजूला उतरण्याऐवजी उलट्या बाजूला उतरत होत्या. डाव्या हाताच्या कानशीच्या रेघा. लहानपणी भात्याची दोरी ओढताना, बापासमोर बसून, त्याने त्या हजारदा पाहिल्या होत्या.

तरी त्याने स्वतःला सांगून पाहिलं की डावखुरे जगात पुष्कळ असतात. मग त्याने खटक्याच्या कडेवरून नख फिरवलं. कड गोल होती.

बकाराम जे घडवी त्याच्या कडा मोडून गोल करी. विळ्याचा दांडा असो, कोयत्याची मूठ असो, चुलीचा चिमटा असो. "हाताले लागाले नाई पायजे," असं तो म्हणे. बाया त्याचे विळे मुद्दाम मागून घेत. खटक्याची कड मात्र धारदारच लागते. घोडा तिच्यावर टेकलेला असतो. ही कड त्याने सवयीने, मायेने गोल करून टाकली होती.

शालीकरामने सगळे भाग परत बसवले. नळी रिकामी असल्याची पुन्हा खात्री करून घेतली, घोडा चढवला आणि दस्ता टेबलाच्या लाकडावर हलकेच टेकवला. काही झालं नाही. त्याने जरा जोराने टेकवला. घोडा खटकन पडला.

चापाला त्याचं बोट लागलेलंही नव्हतं.

आवाज ऐकून मुन्नालाल आत आला. तो टेबलावर वाकला, शालीकरामच्या चेहऱ्याकडे आणि मग रायफलीकडे पाहून त्याने विचारलं, "क्या हुआ?"

"खटका देसी है, सेठ."

"बस? अरे, वैसा एक असली पड़ा है अपने पास, पुरानी टूटी बंदूक का. डाल दे. पार्टी भी खुश, डाक्टर भी खुश. किसको पता चलेगा?"

तो पुन्हा बाहेर गेला. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. शालीकराम मात्र बसून राहिला. मुन्नालाल बोलला ते अगदी सोपं होतं. हा तुकडा खिशात टाकायचा, दुसरा बसवायचा. "आतलं सारं कंपनीचं हाये," एवढं म्हणायचं. बापाचंच वाक्य. मग बाप कायमचा खरा. जमुनाबाई उरलेले दिवस ताठ मानेनं काढेल. आणि त्या बाकावरची बाई तशीही इतकी वर्षं जगलीच आहे.

त्याने बाकाकडे पाहिलं. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेच्या निकालाला बसलेल्या मुलीसारखी बसली होती.

"बाई, इकडं या," तो म्हणाला.

त्याने रायफलीचा घोडा चढवला आणि ती तिच्या हातात दिली. तिचे हात मागे गेले. मग तिने ती धरली.

"रिकामी हाये, भेऊ नका. चापाले हात लावू नका. हा दस्ता खाली टेकवा. जरा जोरानं. काठी टेकवतो तसा."

तिने टेकवला. घोडा पडला. ती दचकली आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

"याच्यातला एक भाग कंपनीचा नाई," शालीकराम म्हणाला. "गावात बनवेल हाये. त्याची कड घोड्याले धरत नाई. पाळीवरून उतरतानी त्यायनं बंदूक काठीवानी टेकवली असन. दस्ता दगडाले लागला असन. तेवढंच."

"चाप न ओढता?"

"चाप न ओढता."

"त्यायनं सोता नाई..."

"नाई बाई. सोता नाई."

तिने रायफल टेबलावर ठेवली आणि कडेला धरून खाली बसली. बराच वेळ ती रडली नाही. मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हंजे ते घराकडंच येऊन राह्यले होते."

त्यानंतर ती रडली. शालीकरामने तांब्यातून पाणी दिलं. ती प्याली, पुन्हा रडली. तिचं रडणं थांबेपर्यंत तो उभा राहिला.

"त्या लोहाराचं नाव बकाराम," तो म्हणाला. "मी त्याचा पोरगा."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. आता ही शिव्या देईल, असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुमी नसतं सांगतलं, तं मले समजलं नसतं," ती म्हणाली.

"नसतं समजलं."

"मंग काऊन सांगतलं गा?"

"तुमी इचारलं म्हनून."

तिने पदर सावरला. मग तिने विचारलं, "कसे गेले तुमचे वडील?"

"मिलमदी हमाली करत. तिथंच पडले. गाव सोडल्यावर त्यायनं भट्टी पेटवली नाई कधी." हे वाक्य त्याने आजवर कितीतरी लोकांना सांगितलं होतं, दर वेळी अभिमानाने. आज ते बोलता बोलता त्याचा अर्थ त्याच्यासमोर उलटा झाला आणि त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

सुमित्राबाईला ते समजलं असावं. ती म्हणाली, "माय हाये तुमची?"

"हाये."

"तिले काही सांगू नका. मी इतके वर्षं मनात काय घेऊन झोपली, ते मले माहीत. तिनं कायले झोपावं आता तसं?"

तेवढ्यात होमराज आला. डॉक्टरांनी लगेच आणायला सांगितलं आहे, असं तो दारातूनच सांगत आला. काकूचे डोळे पाहून तो थांबला.

"काऊन, काय झालं वो काकू?"

शालीकरामने त्याला खटका दाखवला आणि सगळं सांगितलं. आपण कोण तेही सांगितलं. होमराजचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. तो काहीतरी बोलणार तोच सुमित्राबाईने त्याच्या हातावर हात ठेवला.

"आता त्या डाक्टरले काय सांगू मी?" तो एवढंच म्हणाला.

"खरं तेच सांग. आतला एक भाग आमच्या गावच्या लोहारानं बनवला होता म्हनाव."

"गावात समजन ना मंग सारं."

"समजू दे. सांगाले राह्यलंच कोन? सासू गेली, सासरे गेले, तुहा बाप गेला." ती उठली. "तुह्या मायले सांगीन मी. ती तरी आईकन."

डॉक्टरांनी रायफल घेतली नाही. पुढे होमराजने ती पोलीस ठाण्यात जमा करून टाकली. त्या दिवशी निघताना सुमित्राबाई दाराशी थांबली होती. "अक्तीले पितरायचे पानं टाकतात, पन सासूनं त्यायच्या नावाचं पान कधी टाकू देल्लं नाई," ती शालीकरामला म्हणाली. "जीव देनाऱ्याले पान नसते म्हने. यंदा टाकीन."

संध्याकाळी शालीकराम सायकल हातात धरूनच घरी निघाला. वाटेत राइस मिल लागली. कोंड्याच्या धुळीत पाच-सहा हमाल पोत्यांना टेकून बिड्या ओढत होते. पाटलाने घाई केली असेल का? बापाने आधी नाही म्हटलं असेल का? मूळचा तुटलेला खटका त्याने कुठे टाकला असेल? ऐरणीवर हात ठेवला तेव्हा त्याला भीती वाटत होती की लाज? विचारावं असं कोणी उरलं नव्हतं. राइस मिलमध्ये पाठीवर पोतं घेऊन वाकलेला बाप त्याला दिसला. रोज घरी येऊन काही न बोलता जेवणारा. मुलगा बंदुकीच्या दुकानात लागला हे सांगितल्यावर ताटावरून उठून गेलेला. तेव्हा शालीकरामला वाटलं होतं, बापाला जुना अपमान आठवला.

घरी जमुनाबाई ओट्यावर बसून होती. तिला आता कमी दिसे.

"आज उशीर काऊन झाला?"

"काम होतं."

"जेव मंग."

तो जेवला. तिला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया, आली. शालीकरामच्या बायकोने सकाळी अंगण सारवलं, नवं मडकं भरून ठेवलं. पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर भात, कढी, उडदाचे वडे आणि आंब्याचा रस वाढला. ज्यांच्या नावाचं पान असतं, त्यांच्या नावाने घरच्या कर्त्याने पाणी सोडायचं असतं.

जमुनाबाई भिंतीला धरून आली आणि बकारामच्या पानासमोर बसली. तिने चाचपून वडे कुठे वाढलेत ते पाहिलं. तिने पानाकडे तोंड करून, रोजच्या बोलण्यासारखंच म्हटलं, "जेवा आता. पोरगा पानी देऊन राह्यला."

शालीकराम तांब्या घेऊन वाकला. दर वर्षी तो चार शब्द मनात म्हणायचा. यंदा काय म्हणावं हे त्याला सुचलं नाही. त्याने पाण्याची धार धरली. पाणी भातावरून कढीत उतरलं, पानाच्या कडेला आलं, सारवलेल्या जमिनीवर पसरू लागलं. तो ओततच राहिला.

"पुरे गा," जमुनाबाई म्हणाली. तिच्या पायाला ओल लागली होती. "पुरे आता."